धडा : रस्ता विचारणे

साठी-सत्तरी ओलांडलेला माणूस नवी वही आणि टोक केलेली पेन्सिल घेऊन वर्गात येतो, तेव्हा मला त्याच्याविषयी मनापासून आदर वाटतो. त्याला परीक्षा द्यायची नसते, बढती मिळवायची नसते. आपल्या धंद्यात तो उस्ताद असतो, घरात त्याचा शब्द चालतो, गल्लीतले लोक त्याला वाकून नमस्कार करतात. असा माणूस शनिवारची सकाळ मोकळी ठेवून स्वतःहून अडखळायला येतो. चारचौघांत चुकायची त्याची तयारी असते. लहान मुलाला चुकण्याचं काही वाटत नाही, म्हणून ते शिकतं. मोठ्या माणसाला फार वाटतं, आणि तरीही तो शिकतो. टोकियोच्या पूर्वेला, निशिकासाईमध्ये, मी अशा मोठ्यांना इंग्रजी शिकवते.

निशिकासाई हे नाव महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत ठाऊक झालं आहे. २००० सालाच्या तोंडावर संगणकातल्या तारखांचा प्रश्न सोडवायला भारतातून इंजिनिअर इकडे आले. तोझाई लाइनची गाडी इथून थेट निहोनबाशी आणि ओतेमाचीच्या बँका-कचेऱ्यांपर्यंत जाते, म्हणून त्यांनी इथंच घरं घेतली. मागून बायका-मुलं आली, भारतीय शाळा निघाल्या, दुकानांत तूरडाळ आणि पोहे मिळू लागले. अंबरनाथला जन्मलेले, पुण्यात वाढलेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली आमच्या याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. मी आले ती नवऱ्याच्या नोकरीमुळे. इथल्या कम्युनिटी हॉलच्या तिसऱ्या मजल्यावर शेजारपाजारच्या जपानी मंडळींचा इंग्रजीचा वर्ग भरतो. टॅक्सीवाले काका, लाँड्रीवाल्या बाई, टोफूवाले आजोबा, नर्सबाई, एक निवृत्त शिक्षिकाबाई, बँकेतला एक तरुण, अशी ही मंडळी. त्यांना शिकवणारं माणूस हवं होतं आणि मला माणसं हवी होती.

जपानी लोकांना इंग्रजी येत नाही, असं बाहेरचे सहज म्हणून जातात. ते खरं नाही. माझ्या वर्गातल्या प्रत्येकानं शाळेत वर्षानुवर्षं इंग्रजी घोकलेलं आहे. व्याकरणाचा कागद पुढे ठेवला तर ते तो बिनचूक सोडवतात. या देशाला या भाषेची भूकही जुनी आहे. १९४५ साली युद्ध संपल्यावर काही आठवड्यांतच इंग्रजी संभाषणाची एक चिमुकली पुस्तिका निघाली आणि तिच्या लाखो प्रती खपल्या. १९४६ पासून हिराकावा तादाइची यांचा ‘कम कम इंग्लिश’ हा कार्यक्रम रेडिओवर लागायचा. आमच्या वर्गातल्या निवृत्त शिक्षिकाबाईंना त्याचं सुरुवातीचं गाणं अजून येतं. भिंती काळ्या पडलेल्या घरात वडील रेडिओला कान लावून बसायचे, असं त्या सांगतात.

अडतं ते तोंड उघडताना. मी एकाला प्रश्न विचारला की तो शेजारच्याकडे बघतो, शेजारचा मागच्याकडे. मग कुजबुजत छोटीशी बैठक भरते, माना हलतात, एकमत होतं आणि शेवटी सगळ्यांच्या वतीनं एक शुद्ध वाक्य माझ्यासमोर ठेवलं जातं. “आज सकाळी काय खाल्लं?” या प्रश्नाचं उत्तरसुद्धा असं सर्वानुमते येतं. मला त्यांचं मन कळतं. मी मराठी माध्यमातली. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं, आणि चुकीचं बोलण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, ही शिकवण आम्हालाही अक्षरांबरोबरच मिळाली होती.

एका शनिवारी धडा होता रस्ता विचारण्याचा. मी वस्तीचा मोठा नकाशा काढून आणला होता. त्यावर स्टेशन, पोस्ट, पोलीसचौकी, देऊळ, दवाखाना असं सगळं होतं. एकानं वाट विचारायची, दुसऱ्यानं सांगायची, मग जोड्या बदलायच्या. त्याआधी जरा तोंड मोकळं व्हावं म्हणून मी टॅक्सीवाल्या काकांना विचारलं, काल संध्याकाळी काय केलंत? ते ताठ बसून म्हणाले, “माय वाइफ अँड मी, व्हायकिंग.” आणि दोन्ही हातांनी भरलेलं ताट दाखवलं. इथं बुफे जेवणाला व्हायकिंग म्हणतात. १९५८ साली टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलनं उत्तर युरोपातल्या पद्धतीचं, हवं ते हवं तितकं वाढून घ्यायचं उपाहारगृह काढलं, त्याचं नाव व्हायकिंग ठेवलं आणि ते देशभर रुळलं. मग कुठलं हॉटेल, किती पैसे, खेकडा होता का, याची चौकशी सुरू झाली. काकांची बायको खेकड्याच्या टेबलापासून हललीच नव्हती. हे सांगताना त्यांना शब्द सापडेनात, तेव्हा त्यांनी उभं राहून बायकोची नक्कल केली. एका हातात ताटली, दुसऱ्या हातात चिमटा, नजर खेकड्यावर. नर्सबाई हसून हसून टेबलावर डोकं टेकवून बसल्या.

मी नकाशाकडे वळते तोच लाँड्रीवाल्या बाईंनी हात वर केला. त्या कधीच हात वर करत नाहीत. पिशवीतून त्यांनी कागदात गुंडाळलेला पांढरा सुती झब्बा काढून टेबलावर ठेवला. छातीवर लालभडक डाग होता. त्यांच्याजवळ शब्द थोडे होते, पण त्यांतली कळकळ ऐकण्यासारखी होती. गिऱ्हाईक भारतीय. डाग आला तेव्हा पिवळा. साबण लावला, लाल झाला. “आय वॉश. यलो. देन रेड! सेन्सेई, व्हाय?” इथं शिक्षकाला सेन्सेई म्हणतात. चाळीसएक वर्षांच्या धंद्यात त्यांनी सोया सॉस काढला, शाई काढली, वाइन काढली, रक्त काढलं. रंग बदलून समोर उभा राहणारा डाग त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवू, या काळजीनं त्यांना झोप नव्हती.

हळद अशीच वागते. तिचा रंग आंबट पदार्थात पिवळा राहतो आणि साबणासारख्या क्षाराला लागला की तांबडा होतो. हे सांगायला मी फळ्याकडे गेले खरी, पण वर्ग तोवर माझ्या हातून निसटला होता. बँकेतला तरुण मोबाइलवर रसायनशास्त्र वाचून दाखवत होता. नर्सबाई दवाखान्यातले डाग आठवत होत्या. टोफूवाल्या आजोबांचं म्हणणं होतं की टोफूच्या साच्यातल्या पाण्यानं काहीही निघतं. आणि हे सगळं इंग्रजीत चाललं होतं, मोडक्यातोडक्या, पण न थांबणाऱ्या. बैठक भरली नाही, एकमत झालं नाही. माणसं एकमेकांना तोडून बोलत होती. जपानी वर्गात माणसं एकमेकांना तोडून बोलतात याचा मला किती आनंद झाला, ते शिक्षकालाच कळेल.

एवढ्यात खोलीतले सगळे मोबाइल एकदम कर्कश ओरडू लागले आणि त्यांतून आवाज आला, “जिशिन देसु, जिशिन देसु.” भूकंप. जपानचं हवामान खातं २००७ पासून लोकांना अशी आगाऊ सूचना देतं. भूकंपाच्या वेगवान पण सौम्य लाटा यंत्रांना आधी कळतात आणि जोराच्या लाटा पोहोचेपर्यंत मधे काही सेकंद मिळतात. त्या सेकंदांत माझे विद्यार्थी बदलले. निवृत्त शिक्षिकाबाई उठल्या आणि त्यांनी दार सताड उघडून अडकवून ठेवलं, कारण चौकट वाकली तर दार बसतं आणि माणसं आत कोंडली जातात. टॅक्सीवाल्या काकांनी माझ्याकडे बोट दाखवून हुकूम सोडला, “सेन्सेई! हेड! टेबल! अंडर!” एकही क्रियापद नाही, एकही चूक नाही. मी टेबलाखाली गेले. टोफूवाले आजोबा माझ्या शेजारी येऊन वाकले आणि त्यांनी आपली वही माझ्या डोक्यावर धरली.

जमीन डावी-उजवीकडे सरकली. दिवे झुलले, खिडक्या थरथरल्या, फळ्यावरचा मार्कर घरंगळत गेला. मग थांबलं. जपानमध्ये हादऱ्याच्या दहा पायऱ्या आहेत, शून्यापासून सातपर्यंत, आणि पाच-सहा या पायऱ्यांचे प्रत्येकी दोन भाग. आमच्या भागात चारची पायरी लागल्याचं मोबाइलनं लगेच सांगितलं. कुणाला काही झालं नव्हतं. टेबलाखालून एकेक डोकं वर आलं आणि टॅक्सीवाल्या काकांनी मला विचारलं, “सेन्सेई, ओके? टी?”

चहा झाला. आता धडा काढावा असं मला वाटेना, त्यांनाही वाटेना. कुणी विषय काढला ते आठवत नाही, पण प्रत्येक जण ११ मार्च २०११ या दिवशी आपण कुठं होतो ते सांगू लागला. दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ईशान्य जपानला हादरवणाऱ्या त्या भूकंपाची झळ टोकियोलाही लागली होती. गाड्या बंद पडल्या, लाखो माणसं पायी घरी निघाली. शेजारच्या उरायासु शहरात भराव घातलेली जमीन चिखलासारखी झाली आणि तिच्यातून पाणी वर आलं. नर्सबाईंच्या इस्पितळातल्या लिफ्ट बंद होत्या, म्हणून जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एक माणूस उभं करून त्यांनी रुग्णांची ताटं हातोहात वर चढवली. बँकेतला तरुण तेव्हा शाळेत होता, निरोपसमारंभाची तालीम चालली होती. टॅक्सीवाल्या काकांनी एका म्हाताऱ्या जोडप्याला घरी सोडायला रात्रभर गाडी चालवली, आणि मीटर मधेच कुठंतरी बंद केला. “व्हेन स्टॉप मीटर?” असं नर्सबाईंनी विचारलं. काका बराच वेळ शब्द शोधत राहिले आणि म्हणाले, “व्हेन शी स्लीप.” आजीला डुलकी लागली तेव्हा. त्या वाक्यात मला काहीही दुरुस्त करावंसं वाटलं नाही.

तेवढ्यात दारात एक आजी उभ्या दिसल्या. नऊवारी, वर लोकरीचं जाकीट, पायात हॉलमधल्या सपाता, आणि हात धरून सात-आठ वर्षांचा नातू. शेजारच्या इमारतीत त्या मुलाकडे आल्या होत्या. भूकंप झाला की लिफ्ट आपोआप थांबते आणि तपासणी झाल्याशिवाय सुरू होत नाही. घर अकराव्या मजल्यावर. नातवाला घेऊन बागेतून परतल्या तर वर जायची सोय नाही, म्हणून नातवानं त्यांना ओळखीच्या हॉलवर आणलं होतं. मी मराठीत “या आजी, बसा” म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. “अगं बाई! हितं बी हायच का आपलं माणूस?”

आजींना जपानी येत नव्हतं, इंग्रजीही नाही. नातवाला जपानी शाळेमुळे जपानी अस्खलित. तो भराभर आजीचं बोलणं जपानीत सांगू लागला, तेव्हा निवृत्त शिक्षिकाबाईंनी बोट वर केलं, “नो जॅपनीज. इंग्लिश क्लास.” पोराला ही कल्पना भलतीच आवडली. त्यानं स्वतःची नेमणूक करून टाकली आणि त्यानंतर कुणाच्याही तोंडून जपानीचा हुंकार जरी निघाला तरी तो ओरडायचा, “नो जॅपनीज!” मग आजी मराठीत बोलणार, मी इंग्रजीत सांगणार, वर्ग इंग्रजीत विचारणार, अशी व्यवस्था ठरली. लाँड्रीवाल्या बाईंनी वेळ दवडला नाही. झब्बा आजींपुढे पसरला. आजींनी कापड दोन बोटांत चुरगाळून बघितलं. “सुती हाय. तांबडं झालं म्हणून घाबरू नगं म्हणावं. पाण्यात चार थेंब लिंबू पिळून खळबळ, परत पिवळं हुतंय. मग कडक उन्हात टाक. हळदीला ऊन सोसत न्हाय. रेशीम असतं तर म्हटलं असतं, डाग ऱ्हाऊ दे, कापड वाचीव.” लाँड्रीवाल्या बाईंनी हे सगळं वहीत लिहून घेतलं, उठल्या आणि आजींपुढे कमरेत वाकल्या. एका उस्तादानं दुसऱ्या उस्तादाला केलेला तो नमस्कार होता.

“आजींना भीती वाटली का?” असं बँकेतल्या तरुणानं विचारलं. आजी म्हणाल्या, आम्ही पाटण तालुक्यातले, कोयनेकाठचे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरचा भूकंप झाला तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या, लग्न होऊन नुकत्याच सासरी आलेल्या. अंधार, थंडी, दगडमातीच्या भिंती खाली. सासूनं हाताला धरून ओढत अंगणात नेलं. पुढे कितीतरी दिवस सगळं गाव उघड्यावर झोपलं. हे मी एकेक वाक्य सांगत होते आणि खोलीतली माणसं पुढे झुकून ऐकत होती. प्रश्न येत होते. सासू कशी होती? गुरं वाचली का? थंडीत पांघरायला काय होतं? व्याकरणाची पर्वा कुणालाच नव्हती. त्यांना उत्तर हवं होतं, म्हणून प्रश्न येत होता.

भीतीचा विषय निघालाच होता, म्हणून शिक्षिकाबाईंनी पिशवीतून वॉर्डानं २०१९ साली घरोघर वाटलेला पुराचा नकाशा काढला. एदोगावा वॉर्डाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. आराकावा आणि एदोगावा या नद्या फुगल्या तर बराच भाग बुडेल. म्हणून त्या नकाशाच्या मुखपृष्ठावर वॉर्डानं स्वतःच छापलं, की इथं थांबून चालणार नाही. आडवळणानं बोलणाऱ्या या देशात सरकारी कागदावर इतकं रोखठोक वाक्य आलं, तेव्हा देशभर चर्चा झाली. शिक्षिकाबाईंनी बोट फिरवत आजींना पाणी कुठवर येईल ते समजावलं. आजींनी ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, “मग ही माणसं हितं का ऱ्हात्यात, इचार की.”

मी विचारलं. टोफूवाल्या आजोबांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. ते मूळचे शिकोकू बेटावरच्या कोचीचे, पंधराव्या वर्षी कामासाठी टोकियोला आलेले. पहाटे उठून सोयाबीन दळण्यात त्यांचा जन्म गेला. ते म्हणाले, “माय शॉप. माय वॉटर. माय कस्टमर.” मग छातीवर हात ठेवून, “माय लाइफ, हिअर.” मी हे मराठीत सांगितलं. आजींनी मान हलवली. “खरं हाय. आमी तरी कुटं गेलो कोयना सोडून? आजून बी हलतीच की जिमीन.” हे इंग्रजीत सांगितल्यावर आजोबा उठले, आजींच्या समोर येऊन बसले, आणि म्हणाले, “यू, सेव्हन्टीन. आय, फिफ्टीन. व्हेरी यंग. व्हेरी स्केअर्ड. सेम.” आजींनी माझ्या भाषांतराची वाट बघितली नाही. त्यांनी आजोबांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “सेम.”

कोचीच्या माणसाकडे इंग्रजीची एक गोष्ट असतेच, आणि आजोबांनी ती नातवाला सांगितली. त्यांच्या भागातला मांजिरो नावाचा चौदा वर्षांचा कोळ्याचा पोर १८४१ साली वादळात सापडून ओसाड बेटावर अडकला. देवमासे पकडणाऱ्या अमेरिकन जहाजानं त्याला आणि त्याच्या सोबत्यांना वाचवलं. कप्तान विल्यम व्हिटफील्डनं त्याला मॅसॅच्युसेट्समधल्या फेअरहेवनला नेऊन शाळेत घातलं. देशाबाहेर गेलेल्याला परत यायची बंदी असताना तो १८५१ साली परतला, कसून झालेल्या चौकश्यांना सामोरा गेला, आणि पुढे १८५९ साली त्यानं जपान्यांसाठी इंग्रजी संभाषणाचं पुस्तक लिहिलं. त्यात शब्दांचे उच्चार त्याच्या कानांवर पडले तसे लिहिले होते. आजोबांचा मुद्दा नातवासाठी होता, पण तो मी माझ्यासाठी उचलला. मांजिरोपाशी शब्द जमले ते डेकवर, जिथं समोरच्याचं म्हणणं कळणं जगण्यासाठी गरजेचं होतं.

दोन तास संपून गेले तरी कुणी उठेना. शेवटी लिफ्ट सुरू झाल्याचं हॉलच्या माणसानं वर येऊन सांगितलं, आणि मग इथल्या शिस्तीप्रमाणे सगळ्यांनी मिळून टेबलं पुसली, भिंतीवरच्या तक्त्यात दाखवल्याप्रमाणे जागच्या जागी लावली. आजींनीही फडकं घेतलं, कुणी नको म्हटलं तरी. नकाशा गुंडाळताना लक्षात आलं की रस्ता विचारण्याचं एकही वाक्य कुणी म्हटलं नव्हतं.

मोठ्यांना भाषा शिकवण्याविषयी मला जे म्हणायचं आहे ते त्या दिवसानं पक्कं केलं. हे विद्यार्थी रिकामे येत नाहीत. प्रत्येकानं काही उभं केलेलं असतं, काही गमावलेलं असतं, कुणाला तरी रात्रीतून घरी पोहोचवलेलं असतं. दोरा आपण द्यायचा, कापड त्यांच्याकडे आधीपासून विणलेलं आहे. त्यांना “पोस्ट ऑफिस कुठं आहे?” एवढंच विचारायला लावणं हा त्यांच्या आयुष्याचा अपमान नसला तरी त्याची उधळपट्टी नक्की आहे. शिक्षकानं धडा तयार करून न्यावा, नीट तयार करून न्यावा, कारण त्याच्या आधारानं माणसं येऊन बसतात. पण डाग, भूकंप, खेकडा किंवा कोयनेकाठची आजी दारात आली, की धड्यानं बाजूला सरून जागा द्यावी. ज्याला खरोखर काही सांगायचं आहे तो चुकीच्या भीतीला ओलांडून जातो, आणि एकदा ओलांडलेली भीती पुन्हा तितकी उंच राहत नाही.

आजींचा व्हिसा संपायला अजून अवधी आहे. पुढच्या शनिवारी त्यांना बोलवायचं, हे वर्गानं ठरवलं, आणि या एका बाबतीत मात्र पूर्वीसारखी कुजबुजत बैठक भरली आणि एकमत झालं.